ओली आहे तोवर

लेकीच्या डोळ्याचं लेझर ऑपरेशन होऊन एकच दिवस झाला होता. सकाळी उठून म्हणाली, "आई, सगळं चुरगळल्यासारखं दिसतंय. झोपेत हात लागला वाटतं. होईल उद्यापर्यंत."

"उद्या नाही, आत्ता. चप्पल घाल."

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून पाहिलं. ऑपरेशनच्या वेळी बुबुळावरचा जो पातळ पापुद्रा उचलून परत बसवला होता, तो सरकून त्याला सुरकुती पडली होती. त्यांनी तो पुन्हा उचलला, खालून पाणी सोडलं आणि ओल्या स्पंजने हलक्या हाताने सारखा केला.

दुसऱ्या दिवशी लेकीने तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

"लगेच आणलंत म्हणून निभावलं," बाई म्हणाल्या. "लोक आठवडाभर थांबतात. तुम्हाला कसं सुचलं?"

"सुरकुती ओली आहे तोवरच निघते. वाळली की बसली कायमची."

"अगदी बरोबर! तुम्ही दवाखान्यात काम करता का?"

लेक तिच्या ऑफिसात सांगते, आई घरीच असते. तसं ते खोटं नाही. माझं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत आहे. म्हणून मीही म्हटलं, "छे हो, घरीच असते."

"घरी कुठली?" लेक खुर्चीतून म्हणाली. "माझी आई इस्त्री करते."