शेवटचा फोन

"शेवटच्या बाईचा फोन फिरून तुझ्याकडे आला, की मगच कॉफी प्यायची. तोवर कपाला हात लावायचा नाही."

गुड्रूनचं हे सांगणं आर्डिसला बुधवारी दुपारी अचानक आठवलं, चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात, हातात भरलेला कप असताना. आर्डिसच्या आधी गावाला निरोप देण्याचं काम गुड्रूनकडं होतं; ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या वेळी गावात कुणी आजारी पडलं की प्रार्थनेची साखळी फिरायची. एकीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला, आणि शेवटचीनं पुन्हा सुरुवात करणारीला, म्हणजे निरोप सगळ्यांपर्यंत पोचल्याची खात्री. आता पास्टरांनी मेसेजची सोय घेतली होती. एक बटण दाबलं की सगळ्या गावाला एकदम. फिरून फोन येण्याचं कारणच उरलं नव्हतं.

आठवण झाली ती लव्हॉनच्या एका साध्या प्रश्नानं. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतल्या, संध्याकाळच्या सूपसाठी बटाटे सोलता सोलता ती म्हणाली होती, "ऑरिन कुठंय गं हल्ली? रविवारी नवरा-बायको दोघंही दिसली नाहीत. मेव्हिसनं शेवटी त्याला फ्लोरिडाला नेलं की काय? जन्मभर नेते नेते म्हणतेय."

आर्डिसचा कप ओठांपाशीच थांबला.

"ऑरिन हॉस्पिटलमध्ये आहे, लव्हॉन. शुक्रवारपासून. हृदयाचं दुखणं. मी कळवलं ना सगळ्यांना? रोज संध्याकाळी कुणीतरी मेव्हिसजवळ जाऊन बसा, आणि सात वाजता सगळ्यांनी आपापल्या घरी प्रार्थना करा म्हणून?"

"मला कुठं कळवलंस?"

"तू फोन बघत नसशील."

"मी? माझ्या नातीला विचार. जेवताना हातातून काढून घेते माझ्या."

आर्डिसनं आपला फोन उघडून दाखवला. प्रत्येक नावापुढं हिरवी खूण होती आणि शब्द होता, 'पाठवला'. "हे बघ तुझं नाव."

"नाव आहे गं. मेसेज कुठंय?"

आर्डिसनं यादीत स्वतःचा नंबरही घातला आणि लिहिलं, 'ही चाचणी आहे. देव तुमचं भलं करो.' दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. बटण दाबलं. दोघींच्याही नावापुढं लगेच हिरवी खूण उमटली. फोन मात्र गप्प. लव्हॉनचा एक अख्खा बटाटा सोलून झाला.

"तळघरात रेंज नसेल," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

दोघी वर गेल्या आणि दार उघडून बर्फात उभ्या राहिल्या, फोन हातात उंच धरून. लव्हॉनचा फोन वाजला.

"आला!"

"नातीचा आहे," लव्हॉन हळूच म्हणाली. "सूपमध्ये सेलरी घालू नकोस म्हणतेय."

मेसेजची सोय पुरवणाऱ्यांना आर्डिसनं तिथूनच फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. 'पाठवला' म्हणजे आमच्याकडून निघाला, मॅडम. पुढं फोन कंपन्या अडवतात. तुमच्या नंबराची नोंदणी करायची राहिलीय.

"किती अडवले?"

"नाताळानंतरचे सगळेच दिसतात."

आर्डिस पायरीवरच बसली. शुक्रवारपासून ती स्वतः तापानं घरात पडून होती, जाता येत नव्हतं. पण सात वाजता उठून ती गुडघे टेकायची, आणि तिला वाटायचं, सगळं गाव या क्षणी माझ्याबरोबर गुडघे टेकून आहे. किती बळ यायचं त्या विचारानं.

तिनं मेव्हिसला फोन लावला.

"कसा आहे ऑरिन?"

"तसाच. तुझा ताप उतरला का?"

"मेव्हिस, कोण कोण येऊन गेलं गं?"



"येतील की. रस्ते किती वाईट आहेत. आणि ज्याला त्याला आपापली कामं असतात."

"तू मंगळवारी म्हणालीस, सगळं ठीक आहे!"

"मग काय म्हणायचं होतं? तू तापात." मेव्हिस हसल्यासारखं करून थांबली. "नर्स बरी आहे इथली. फक्त काल रात्री ऑरिन विचारत होता, आपलं काही चुकलं का गं? कुणाला दुखावलं का आपण?"

शुक्रवारी तिनं मेव्हिसला सांगितलं होतं, एकही संध्याकाळ तू एकटी नसशील, माझा शब्द आहे. त्या शब्दाच्या भरवशावर ती बाई रोज संध्याकाळी दाराकडं बघत बसली असेल, आणि बघितलं असं कुणाला सांगणारही नाही.

ती तळघरात परत आली, कोट चढवला, किल्ल्या घेतल्या. हॉस्पिटल दीड तासावर होतं. लव्हॉननं हात पुसले आणि भिंतीवरच्या जुन्या फोनचा रिसीव्हर उचलला.

"आपल्यानंतर साखळीत पहिली कोण असायची गं? बर्निस?"

"बर्निस. ती पुढचीला करेल. आणि ऐक, कुणी फोन घेतला नाही तर चालत जा तिच्या दारापर्यंत."

"जाते. अगं, कॉफी तरी पी. बाहेर केवढी थंडी."

आर्डिसनं भरलेल्या कपावर बशी झाकली आणि कप ओट्याच्या आतल्या बाजूला सरकवून ठेवला.

"मी मेव्हिसशेजारी बसले की तुला तिच्याच फोनवरून शेवटचा फोन करीन," ती म्हणाली. "तोवर तूही पिऊ नकोस."

आणि जिना चढू लागली.