शून्य प्रलंबित

“चार ओळींचं नकाराचं पत्र लिहायला किती महिने लागतात हो तुम्हाला?” प्रमुखबाईंनी हातातली फाइल टेबलावर आपटली.

टेबलामागचे गृहस्थ उठून उभे राहिले. निवृत्तीला सात महिने उरलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. विभागात सगळे त्यांना ‘सावकाश साहेब’ म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, आता तोंडावरही.

“करतो ना मॅडम. एक शंका होती, म्हणून अर्जदाराला पत्र टाकलंय.”

“कसली शंका?”

“पंपाचं वजन पेटीसकट दिलंय की पेटी सोडून, ते कळत नाही.”

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली.

ज्या देशाशी व्यापार करायला सरकारने बंदी घातली होती, तिथे साधा खिळा पाठवायचा तरी परवाना लागे. तो द्यायचा की नाकारायचा, हे या विभागात ठरे. मंजूर पदं चौदा, माणसं सहा. अर्जदार म्हणत, तुम्ही झोपा काढता. वरचे साहेब म्हणत, तुम्ही फार ढील देता. दोन्हीकडून मार खाणाऱ्या ढोलासारखी बाईंची गत झाली होती. त्यात आज शुक्रवार. संध्याकाळपर्यंत एकही अर्ज प्रलंबित नको, असा संचालकांचा हुकूम होता. पाच टेबलं कशीबशी साफ झाली होती. एकतीस फायली उरल्या होत्या आणि एकूण एक सावकाश साहेबांकडे.

गोड बोलून झालं होतं. लेखी समज देऊन झाली होती. शेजारी खुर्ची टाकून बसूनही झालं होतं. गडी ढिम्म. नवल एवढंच, की बाकीच्या टेबलांविरुद्ध रोज ढिगाने तक्रारी येत, पण या एकतीस जणांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. बिचाऱ्यांनी आशाच सोडली असेल, असं बाईंना वाटे आणि त्या आणखी चिडत.

“द्या त्या सगळ्या इकडे. मीच निकालात काढते.”

“मॅडम, निदान आठवडाभर तरी…”

“एक तासही नाही.”

बाई आपल्या खोलीत गेल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. दवाखान्यांना लागणारे पंप, मोजयंत्रं, सुटे भाग. नियम सरळ होता. असले पंप शस्त्रांच्या कारखान्यातही चालतात, तेव्हा परवाना नाही. दहा मिनिटांच्या कामाचं या माणसाने चार महिन्यांचं गुऱ्हाळ लावलं होतं! तीन वाजेपर्यंत तीस नकारांवर सह्या झाल्या, पत्रं जावकच्या टेबलावर गेली. मनगट दुखायला लागलं, राग मात्र उतरला नाही.

एकतिसावी फाइल उघडली आणि शिपायाने दार लोटलं. त्याच फाइलचा अर्जदार आला होता. छोट्या कारखान्यात पंप बनवणारा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात पेटीच्या वजनाचं उत्तर. सावकाश साहेब जागेवर नव्हते.

बाईंना ओशाळल्यासारखं झालं. “बसा. फार ताटकळत ठेवलं तुम्हाला. माफ करा. आता आजच निकाल देते, तुमच्यासमोर.”

त्या माणसाचा चेहरा खर्रकन उतरला. “निकाल म्हणजे… नकार?”

“नियमाप्रमाणे तोच. पण निदान डोक्यावर टांगती तलवार तरी राहणार नाही.”

“हात जोडतो मॅडम. टांगतीच राहू द्या.”

“म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“एकदा नकार आला की तीन वर्षं पुन्हा अर्ज करता येत नाही,” तो म्हणाला. “तिकडच्या दवाखान्यात पोरांचं रक्त शुद्ध करायची चार यंत्रं आहेत. दोन बंद पडलीत. उरलेली दोन तीन वर्षं कुठली काढतात?” तो जरा घुटमळला. “साहेब म्हणाले, वजन कळवायची घाई करू नका. दवाखान्याच्या मालाला सूट मिळावी म्हणून आमच्या मॅडमनी वर प्रस्ताव पाठवलाय. मॅडमनी लिहिलाय म्हणजे तो मंजूर होणारच. तोवर तुमचा अर्ज मी जिवंत ठेवतो.”

बाईंच्या हातातलं पेन थांबलं. तीन रविवार खर्ची घालून त्यांनी तो प्रस्ताव लिहिला होता. त्याला पाच महिने झाले. दोनदा वर आठवण केली, उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी केलीच नाही. तो केराच्या टोपलीत गेला, असं मनाशी धरून त्या मोकळ्या झाल्या होत्या.

“मग मला का नाही सांगितलं त्यांनी?”

“मीही तेच विचारलं. म्हणाले, मॅडमना कळलं तर मला थांबवणं त्यांना भाग पडेल. उगाच त्यांना कशाला पेचात टाकायचं?”

बाई उठल्या आणि जवळजवळ धावतच जावकच्या टेबलाशी गेल्या. तिथल्या मुलीने पहिल्या पत्रावर मारायला शिक्का उचलला होता.

“थांब! दे ती पत्रं. सगळी.”

त्यांनी पत्रं मोजली. तीस भरली. पलीकडे सावकाश साहेब परत आले होते आणि आपल्या रिकाम्या टेबलासमोर नुसते उभे होते. बाईंना त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात फोन वाजला. संचालक होते.

“काय, झालं का शून्य? त्या सावकाश माणसाचं टेबल साफ केलंत?”

“त्यांचं टेबल साफ आहे, साहेब,” सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बाई म्हणाल्या. “एकतीस अर्ज माझ्याकडे प्रलंबित आहेत. आणि एक प्रस्ताव तुमच्याकडे.”