चर्चा मंडळाची शिस्त

रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम संपला की गावचं चर्चा मंडळ चावडीत बोलायला बसायचं आणि रोज भांडून उठायचं. "तुला काय कळायलंय कापसातलं?" इथून सुरू झालेली चर्चा एकमेकांच्या बापापर्यंत जायची. अध्यक्ष बन्सीधरराव समजूत काढून काढून पार थकले. शेवटी त्यांनी बजावलं, "आजपासून हात वर केल्याबिगर बोलायचं न्हाई. आन् दुसऱ्याला चुकलास म्हणायचं न्हाई. न्हाईतर मी हा रेडिओच उचलून घरी नेतो."

दुसऱ्या दिवशी भुजंगनं हात वर करून सांगितलं, "ज्वारीत तणनाशक मारलेला पंप हाय. धुवायला कुठं बसू? उद्या त्यातच औषध कालवून कापसावर मारतो."

ग्यानबानं तोंड उघडलं, रेडिओकडं बघितलं आणि पुन्हा मिटलं. बाकीचे जमिनीकडं बघत राहिले. चावडीत इतकी शांतता कधी नव्हतीच. भिंतीला टेकलेल्या बन्सीधररावांचा तर डोळाच लागला होता.

आठवड्याभरात भुजंगच्या सगळ्या कापसाची पानं आकसून गेली. बन्सीधरराव रानात जाऊन बघून आले आणि चावडीत मटकन खाली बसले.

"तणनाशकाचा पंप न धुता मारला की कापूस जातो. तुमच्यातल्या कुणाला ठाऊक व्हतं हे?"



भुजंग सोडून सगळ्यांनी शिस्तीत हात वर केले.