गाठ मारलेलं पान

किलिमांजारोच्या आमच्या उतारावर ज्याची चूक झाली तो माणूस कुंपणाचं लांब पान गाठ मारून, माफी मागायला समोरच्याच्या दारात नेतो. ते पान कुणी नाकारत नाही.

माझ्या नवऱ्यानं नाकारलं. धाकट्या दिरांच्या, ऐनेयांच्या, शेळ्यांनी आमची केळी खाल्ली होती. ते पान घेऊन दारात आले, तर "घाल तुझ्या शेळ्यांनाच!" म्हणत ह्यांनी पान भिरकावलं. आठवड्याभरात ऐनेया गेले. कुंपणापलीकडेच पुरलं त्यांना.

तेव्हापासून कुंपणाची पानं उन्हाकडे वळेनात. हे केळीत गेले की पानं केळीकडे, घरात आले की दाराकडे.

वारा नसायचा.

ह्यांना घास उतरेना. "मंका, जीव जातोय गं माझा."

"मग पान न्या थडग्यावर. मागा माफी! तेव्हा जीभ बरी चालली होती?"

भर दुपारी हे कुंपणापाशी गेले. सगळी पानं ह्यांच्यावरच रोखलेली. ह्यांनी हात पुढे केला.

समोरचं पान मागे वळलं. मग शेजारचं. मग ओढ्यापर्यंतचं सगळं कुंपण सळसळत फिरलं आणि पाठ करून उभं राहिलं.

ह्यांचा हात तसाच राहिला.

पलीकडच्या गोठ्यात ऐनेयांच्या शेळ्यांनी रवंथ थांबवला, आणि एकदम माना वर करून ह्यांच्याकडे रोखून पाहिलं.