वाटायचं राहिलेलं कबरस्थान

"झगा घालून येऊ नगंस," शांतवन आबा म्हणाले. "लेक म्हणून ये."

"आबा, आईवरची शेवटची प्रार्थना तेवढी मी म्हणते."

"न्हाई. मग आमचे पाळक गाडीतनं उतरायचेच न्हाईत."

राजश्रीनं मान हलवली. आई बाहेरच्या खोलीत, पेटीत. पाळकाचा झगा पिशवीत.

बाईमाणसानं वेदीपाशी उभं राहायचं नाही, एवढ्यावरून दौंडातली निम्मी मंडळी जुना धर्मप्रांत सोडून गेली होती. नवा धर्मप्रांत, नवा बिशप. जाणाऱ्यांत आबा सगळ्यांत पुढं. राहिलेल्या निम्म्यांची पाळक त्यांचीच लेक, राजश्री. आईला कुणी विचारलं नव्हतं. आबांनी आपल्याबरोबर तिचंही नाव नेलं. कबरस्थान तेवढं वाटायचं राहिलं.

नवे पाळक शिरूरहून आले. पुढं त्यांना मांडवगण फराट्याला लग्न लावायचं होतं. कबरीपाशी उभे राहून वाचायला लागले. राजश्री मागं, बायकांत. शब्द सगळे पाठ. ओठ मिटलेले.

"गाडी सुटल्यावाणी वाचतोय गं," कस्तुराबाई कुजबुजली.

"गप, मावशी."

माती. एक मूठ. नखांत अडकली. ती नखांकडे बघत राहिली.

पाळकांनी पुस्तक मिटलं, आबांचा हात दाबला आणि गाडीकडे निघाले.

कुणी हललं नाही.

दौंडातली रीत अशी, की माती झाली की पाळक घरच्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद म्हणतो. त्याशिवाय कबरीपासून पाय काढायचा नाही. शिरूरच्या माणसाला हे सांगायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आबा टोपी काढून, डोळे मिटून, मान खाली घालून उभे. गाडी चालू झाली. वळली. गेली.

आबा तसेच. दोन्हीकडची माणसं तशीच. ऊन.

राजश्रीच्या पाठीला हात लागला. कस्तुराबाईचा. हातानं ढकललं.

ती पुढं गेली. आबांच्या डोक्यावर हात ठेवला. टक्कल तापलं होतं. बाकी काही वाटलं नाही. शब्द आले, ते कुणाच्याही कबरीवर येतात तेच. ती पुटपुटत राहिली.

आबांनी डोळे उघडले नाहीत.

"मोठ्यांदा म्हण, राजश्री," ते म्हणाले. "तुज्या आईला कमी ऐकू येतं."