डावीकडचे खळगे

मोरीत जगनचं कल्ल्यांचं जाकीट पसरलेलं होतं. बंदरावरचे सगळे पाणबुडे अशीच जाकिटं घालून कालवं काढायला उतरत. जाकिटाच्या बारीक खळग्यांवरून समुद्र वाहायचा आणि पाण्यातला प्राणवायू माशाच्या अंगात झिरपावा तसा त्यांच्या अंगात झिरपायचा. काल मात्र जगनला बेशुद्ध अवस्थेत वर ओढून काढावं लागलं होतं.

प्रभावतीच्या धाकट्या दिरानं, हेमंतनं, नळ सोडला आणि जाकिटावर निळीचे थेंब टाकले. वरचं पाणी सरसर निघून गेलं. खळग्यांतली नीळ तिथंच गरगरत राहिली.

"हे बघ वहिनी, खळगा उथळ असला की पाणी बदलत राहतं. एवढ्या खोल खळग्यात शिळं पाणीच फिरत बसतं. दादाला ताजा श्वास मिळालाच नाही. कुणी केलं हे?"

प्रभावती त्या निळीकडे बघत राहिली. हल्ली जगनला धाप लागायची. खळगा खोल केला तर जास्त समुद्र मावेल, असं तिला वाटलं होतं. तापवलेल्या दाभणाच्या बोथट टोकानं दुपारभर ती एकेक खळगा दाबत बसली होती.

"आणि डावीकडचे तर सगळ्यांत खोल आहेत," हेमंत म्हणाला.

"तिकडे काळीज असतं ना, भावजी," ती म्हणाली.