व्हिलेमचा दोरा

मोराव्हियातल्या त्या गढीची रीतच होती. फेब्रुवारीत मेणबत्त्यांचा सण आला की घरातल्या प्रत्येक मुलाची उंची दोऱ्याने मोजायची आणि तेवढ्याच उंचीची मेणबत्ती प्रार्थनाघरात लावायची.

काउंटेस योहाना सकाळच्या उन्हात मजेत बसली होती. नवरा लढाईवरून धडधाकट परतला होता, पोटातलं बाळ लाथा मारत होतं. आणखी काय हवं?

थोरला व्हिलेम तीन वर्षांपूर्वी गोवराने गेला, तेव्हा चारचा होता. त्याचा शेवटचा दोरा डबीत जपलेला होता, दोन्ही टोकांना काउंटची लाखेची मोहोर लावून. दर सणाला त्याच मापाची मेणबत्ती लागायची.

म्हाताऱ्या दाईने, बार्बोराने, आज तो दोरा काढला आणि तिचा हात थबकला. "बाईसाहेब, हा तुमच्या कमरेला यायचा ना हो?"

योहानाने उठून दोरा अंगाला लावून पाहिला. छातीपर्यंत आला. दोन्ही मोहरा जशाच्या तशा होत्या.

तिला हसू आलं. आज तो सात वर्षांचा असता. एवढाच झाला असता.

पाच वर्षांची तेरेझा दाराआड उभी होती.

"काय गं, डबीला तू हात लावलास?"

"मी फक्त दोरा दादाच्या पायाशी धरला, आई," तेरेझा फुरंगटून म्हणाली. "पण ते माप खोटं आहे. तो लबाड टाचा उचलून उभा होता!"